मनातली विनंती

ठकूबाईच्या कांद्याच्या रोपात भागूची शेळी शिरली आणि आमच्या वस्तीचा दिवस उगवला.

"भागेऽ! बांध गं तुझी शेळी! निम्मा वाफा खाल्ला भवानीनं!"

"मुकं जनावर ते. त्याला वाटलं, आपल्याच मालकिनीचं रान हाय. आन् चुकलं कुठं त्याचं? बांध कोरून कोरून नांगराची दोन तासं तूच आत घेतल्यात की!"

"म्या? म्या बांध कोरला? जीभ झडंल तुझी!"

दोघी सख्ख्या जावा. भागू थोरली, ठकूबाई धाकटी. दोघींचे नवरे देवाघरी गेले, बांध तेवढा मागे राहिला. थंडीत हात सुन्न होतात, दव पडून पायाखालची माती चिकटते, तरी या दोघी अनवाणी बांधावर उभ्या राहून एकमेकींच्या सात पिढ्या खुरपून काढायच्या. आम्ही चुलीपुढं चहा घेत ऐकायचो. कोणी सोडवायला जात नसे. दुपारी भागूच्या घरचं कालवण ठकूबाईच्या घरी जायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आमची वस्ती डिंगोरे गावाच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला. ख्रिस्ती घरं दहा-बारा, त्यांची मिळून आमची मंडळी, आणि मधोमध मिशनच्या काळातलं पत्र्याचं देऊळ. आम्ही त्याला देऊळच म्हणतो, चर्च म्हणायला पोरांनी शिकवलं. नाताळाला ते फुटेस्तोवर भरायचं. एरवी रविवारी मोजकी डोकी, त्यातलीही दोन-चार पेंगणारी. कांद्याची लागण चालू असली तर उपासना घेणारा पाळक आणि घंटा, दोघंच.

त्या दिवशी आमचे नवे पाळक सुदर्शनसाहेब मोटारसायकलवरून चालले होते. तरणा माणूस, शिकलेला, कपडे नेहमी इस्त्रीचे. मनानं वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही सगळं त्याच्या माथी माराल. शेळीवरून चाललेलं भांडण त्यांनी गाडी बंद करून शेवटपर्यंत ऐकलं आणि रविवारी उपदेशात म्हणाले, "ही मंडळी भांडणाची मंडळी म्हणून प्रसिद्ध आहे. आजपासून ही प्रार्थनेची मंडळी होणार. कुणाचं काही दुखत असेल, खुपत असेल, ते बांधावर काढायचं नाही. ते इथं, देवापुढं काढायचं."

नियम साधा. पहाटे देवळात जमायचं. विनंत्या सांगायच्या. मग एकानं उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी डोळे मिटायचे. प्रार्थना करणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. तो थांबला की सगळ्यांनी "आमेन" म्हणायचं. ज्याला आपलं दुःख चारचौघांत सांगता येत नाही, त्यानं हात वर करून नुसतं म्हणायचं, "माझी एक मनातली विनंती आहे." सगळ्यांनी ती न विचारता देवापुढं मांडायची.

दुसऱ्याच पहाटे ठकूबाई उभी राहिली. "देवा बापा, गरिबाचं रोप राख. आन् ज्यांच्या शेळ्यांना आवर न्हाई, त्यांना दावं इकत घ्यायची बुद्धी दे."

"आमेन," आम्ही म्हणालो.

लगेच भागू उठली. "देवा, तू सगळं बघतोस. कोन बांध कोरतं तेबी बघतोस. आशांचा हात आखडू नको, पन फावड्याचा दांडा तेवढा मोड."

"आमेन."

हसू दाबून दाबून आमच्या बरगड्या दुखल्या. पण एक झालं, दोघी बांधावर भांडायच्या थांबल्या. मग इतरांनाही गोडी लागली. सोमाजी हा आमच्या मंडळीचा वडीलधारा, सगळ्यात लांब प्रार्थना त्याची. त्यानं गेणभाऊची दारू धरली. "प्रभू, गेणभाऊ काल पुन्हा ओतूरच्या रस्त्याला पडला व्हता, चप्पलसुदिक पायात नव्हती..." रोज पहाटे गेणभाऊ मान खाली घालून ऐकायचा आणि स्वतःच्याच बदनामीला आमेन म्हणायचा. पावसाळा लागायच्या आत त्याची दारू सुटली. देवानं सोडवली की लाजेनं, ते त्यालाच माहीत. बायको मात्र देवळात ढसाढसा रडली, आणि ते रडणं खरं होतं.

देऊळ भरू लागलं. उसात बिबट्या असतो म्हणून आम्ही पहाटे घोळका करून, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून निघायचो. शेजारचा रानवाला सावळाराम मला म्हणाला, "पावणं, तुमच्या वस्तीत लई शांतता झाली राव. आमाला बांधावर करमंना."

मलाही अभिमान वाटत होता. खोटं कशाला बोलू?

ठकूबाईला एकच लेक, श्रेया. बारावी झालेली, रंगानं सावळी, हातानं चपळ. वस्तीजवळच्या एका रोपवाटिकेत टोमॅटोचं बी ट्रेमध्ये टोचायच्या कामावर होती. तिच्यावर मंचरकडच्या एका मुलाचं मन बसलं. ऋतिक त्याचं नाव. मंडळ्यांच्या मेळाव्यात ओळख झाली, फोन सुरू झाले. मुलगा आपल्या मंडळीतला, कमावता, त्यानं घरी सांगितलं आणि बोलणी सुरू झाली. ठकूबाई हवेत चालू लागली.

पण त्याच दिवसांत ती रोज पहाटे हात वर करायला लागली. "माझी एक मनातली इनंती हाय."

पहिल्या दिवशी आम्ही मनापासून प्रार्थना केली. आठवड्यात मात्र मन भलतीकडं धावायला लागलं. न सांगितलेल्या गोष्टीसाठी माणूस किती दिवस डोळे मिटून बसणार? कांदे काढताना बायका कुजबुजायला लागल्या.

"लगीन ठरतंय आन् ही रडती का?"

"पोरीचं पाऊल घसरलं आसंल."

"रोपवाटिकेचा मालक म्हनं लई माया करतो तिच्यावर."

"तरीच! लगीन उरकायची घाई तरीच!"

हे सगळं बोलून झालं की पहाटे त्याच बायका ठकूबाईच्या मनातल्या विनंतीसाठी गुडघे टेकायच्या.

खरं काय होतं ते वस्तीत तिघींनाच ठाऊक होतं. श्रेया शाळेत असताना एकदा भुईमूग काढताना रानात पडली. डोळे फिरले, तोंडाला फेस आला, हातपाय ताठ झाले. जवळ भागू होती. तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि धावत आलेल्यांना सांगितलं, "उन्हानं चक्कर आली. जावा आपापल्या कामाला." मग ठकूबाईला घेऊन तीच नारायणगावच्या डॉक्टरकडं गेली. फिट. गोळी सुरू झाली आणि गोळीनं ती थांबली. गेली काही वर्षं एकदाही आली नव्हती. पण मुलीच्या जातीला फिट म्हटलं की स्थळ गेलंच. म्हणून ठकूबाईचे ओठ शिवलेले.

आणि भागूचेही. हे लक्षात घ्या. या बाईनं भांडणात ठकूबाईचं माहेर काढलं, नवरा काढला, लुगड्याचं ठिगळ काढलं, पण ही एक गोष्ट तोंडातून कधी बाहेर पडू दिली नाही.

साखरपुड्याचं बोलायला ऋतिकची माणसं आली तो रविवार होता. साहजिकच आधी उपासना, मग जेवण. ठकूबाईनं कोंबड्याचा रस्सा केला होता, भागूनं करंज्या तळून आणल्या होत्या. देवळात जायच्या आधी चहा झाला. ऋतिकची आई, चांगली बोलणारी बाई, मंचरकडं स्त्रियांच्या सभेची पुढारी. तिनं भागूला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "अहो, तुमच्या जाऊबाई रोज मनातली विनंती ठेवतात म्हणे. आमच्याकडंसुद्धा कानावर आलं. मुलीचं काही... तसलं तर नाही ना?"

मी तिथंच चहा पीत होतो. भागू म्हणाली, "न्हाई वो बाई! कोन म्हनतं आसं?" पण बाईनं पटलं नसल्यासारखी नुसती मान हलवली. ती मान हलवणं भागूच्या काळजात शिरलं.

उपासनेत पाळकसाहेबांनी विनंत्या विचारल्या. पाहुणे बसलेले असताना तरी ठकूबाईनं गप्प बसावं की नाही? पण सवय. हात वर गेला. "माझी एक मनातली इनंती हाय."

ऋतिकच्या आईनं मागं वळून भागूकडं पाहिलं.

भागू ताडकन उभी राहिली. आम्ही डोळे मिटले. म्हणजे बाकीच्यांनी मिटले. मी एक डोळा किलकिला ठेवतो, ती माझी जुनी खोड.

"प्रभू येशू," भागूनं सुरुवात केली, "माझ्या जावंच्या मनात काय हाय ते तुला ठावं हाय. पन लोक भलतंसलतं बोलत्यात, त्यांची तोंडं बंद कर. माझी श्रेया सोन्यावानी हाय. तिचं पाऊल कुठं बी घसरलेलं न्हाई. तिला निस्ती फिट येत व्हती, ल्हानपनी, आता गोळीनं बंद हाय. ह्यात तिचा काय गुन्हा, देवा? तिचं चांगलं कर. तिला तिच्या घरी सुखानं नांदू दे."

"आमेन," आम्ही म्हणालो. जिभेला वळण पडलेलं, कानाच्या आधी जीभ धावली.

ठकूबाईनं तोंडात पदर कोंबला. कोणी काही बोलायच्या आत ऋतिकची आई प्रार्थनेला उठली. तिनं सावकाश डोळे मिटले आणि हात जोडले.

"हे दयाळू पित्या, जे झाकलेलं होतं ते तू आज योग्य वेळी उघड केलंस, तुझे उपकार. या मुलीला पूर्ण आरोग्य दे. ती बरी झाल्यावर तिला शोभेल असं स्थळ तूच तिच्यासाठी शोध. आमच्या ऋतिकलाही तू नेमलेली जोडीदारीण लवकर दाखव. या घराला समाधान दे. येशूच्या नावानं मागते."

"आमेन."

अर्धं आमेन तोंडाबाहेर पडल्यावर आम्हाला कळलं, आपण कशाला आमेन म्हणालो ते. लग्न मोडलं होतं आणि मोडणारी बाई आशीर्वाद देऊन खाली बसली होती. तिच्याशी भांडायचं कसं? तिनं तर प्रार्थना केली होती.

माझ्या किलकिल्या डोळ्याला आणखी एक दिसलं. बायकांच्या बाजूला श्रेयाचे डोळे टक्क उघडे होते आणि ती ऋतिकच्या तोंडाकडं बघत होती. ऋतिकचे ओठ हलले. त्यानंही आमेन म्हटलं.

जेवले मात्र सगळे. रस्सा चांगला झाला म्हणाले. हात धुवायला ऋतिक मोरीकडं आला तेव्हा श्रेया तांब्या घेऊन उभी होती.

"तुला म्या पयल्याच महिन्यात सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "गोळीचं पाकीट दाखवलं व्हतं. तू म्हनलास, ह्यात काय यवढं?"

"हो, पण आपल्या दोघांत होतं ना ते," ऋतिक हात चोळत राहिला. "आता प्रार्थनेत निघालं. आईनं देवापुढं शब्द टाकला. मी काय करू?"

"तू आमेन म्हनलास."

"सगळेच म्हणाले."

तिनं उरलेलं पाणी त्याच्या हातावर ओतलं आणि तांब्या जागेवर ठेवला. जाताना त्याच्या आईनं भागूच्या चार करंज्या डब्यात बांधून नेल्या.

पाहुण्यांची गाडी वळली तशी ठकूबाई भागूच्या दारात गेली. आम्हाला वाटलं, आता झिंज्या धरणार. पण तिनं एवढंच विचारलं.

"का केलंस भागे?"

"लोक पोरीला छिनाल म्हनत व्हते गं! त्या बाईनं मला तोंडावर इचारलं. म्या काय करायचं व्हतं?" भागूनं कपाळावर हात मारून घेतला. "म्या भांडनात कंदी काढलं का? सांग! यवढी भांडले तुझ्यासंग, येकदा तरी काढलं?"

"भांडनात काढलं आस्तंस तरी परवडलं आस्तं," ठकूबाई म्हणाली. "म्या म्हनले आस्ते, भागी खोटारडी हाय, जळती माझ्यावर. लोकांनी मानलं आस्तं. प्रार्थनेला खोटं कशी म्हनू?"

भागू आत जाऊन करंज्यांचं ताट घासायला बसली.

खरा छळ पुढंच सुरू झाला, आणि तो मायेनं झाला. मनातली विनंती आता उघड झाली होती, तेव्हा मंडळीनं ती उचलून धरली. पहाटे देवळाच्या मधोमध लोखंडी खुर्ची मांडायची, तिच्यावर श्रेयाला बसवायचं आणि सगळ्यांनी तिच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवायचे. कोणाच्या हाताला शेणाचा वास, कोणाच्या कांद्याचा. सोमाजी ओरडून प्रार्थना करायचा. बुधवारी बायका उपास धरायच्या. खरोखर पोटात अन्न न घेता रानात राबायच्या, तिच्यासाठी. त्यांना नावं कुठल्या तोंडानं ठेवावी?

एक महिना झाला तेव्हा सोमाजीनं जाहीर केलं, "महिनाभर फिट आली न्हाई! देवाचा महिमा!" ती त्याआधीही कित्येक वर्षं आली नव्हती, हे कोणाला आठवायचं नव्हतं. आंबेगावकडच्या मंडळ्यांतून जीप भरून माणसं यायला लागली. खुर्चीवर बसलेल्या पोरीकडं टक लावून बघायची, चुकचुकायची, हात ठेवायची. आमच्या मंडळीचं नाव झालं. रोपवाटिकेच्या मालकाच्या कानावरही गेलं. तो श्रेयाला म्हणाला, "ताई, राग मानू नको. उद्या इथं पडलीस, डोक्याला लागलं, तर माझ्यावर यायचं." काम गेलं. ती आईच्याच रानात कांदे भरायला लागली.

मग पाळकसाहेब एक निरोप घेऊन आले. चेहरा आनंदानं फुललेला. "ऋतिकच्या आईशी बोललो. त्या म्हणतात, मुलीनं मेळाव्यात बरी झाल्याची साक्ष दिली, तर त्या परत विचार करतील. फक्त गोळी बंद झालेली पाहिजे. नाहीतर ती साक्ष कशी म्हणायची?"

ठकूबाईनं पाळकांचे पाय धरले. त्याच दुपारी तिनं डब्यातलं गोळ्यांचं पाकीट काढून पदराला बांधलं.

"आये, दे ती गोळी," श्रेया म्हणाली.

"चार दिस बघू की गं. सगळी मंडळी तुझ्यासाठी उपाशी ऱ्हाती. तुझा इस्वास का आसा थोडा?"

"आन् म्या इहिरीवर आसताना फिट आली म्हंजी?"

"यायची न्हाई. देव हाय."

श्रेयानं पुढं वाद घातला नाही. सरळ आईच्या कमरेला हात घालून पदराची गाठ सोडली, गोळी घेतली, वर पाणी प्यायली. ठकूबाई तिथंच बसून रडत राहिली.

दुसऱ्या पहाटे पाळकसाहेबांनी विनंत्या विचारल्या तेव्हा श्रेयानं हात वर केला. आजवर तिनं कधी केला नव्हता. ती खुर्चीवरून उठली. साक्ष निघतेय म्हणून सोमाजी आधीच "हालेलुया" म्हणाला.

"माझी इनंती हाय," ती म्हणाली. "मनातली न्हाई, उघड हाय. म्या बरी हाय. गोळीनं बरी हाय, आन् गोळी म्या सोडनार न्हाई. साक्ष देनार न्हाई. लगीन झालं न्हाई तर न्हाई झालं. माझी यवढीच इनंती हाय, की उद्यापासनं माझं नाव प्रार्थनेत घिऊ नका. मला ह्या खुर्चीवर बसवू नका. लई उपकार झालं तुमचं."

हात जोडून ती देवळाबाहेर गेली आणि पायरीवर बसून चपला घालायला लागली. पट्टा तुटलेला होता, तो बसवायला तिला वेळ लागत होता.

आत पाळकसाहेब पुस्तकाची पानं चाळू लागले. शेवटी सोमाजी उठला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. ढोंग नव्हतं ते, पोरीवर त्याचा खरंच जीव होता. आम्ही डोळे मिटले.

"हे परमेश्वरा, आमच्या लेकराचं मन दगड झालंय. आमच्या श्रेयाला सैतानानं गाठलंय. तिचं कठीन मन तू मऊ कर. तिला परत ह्या खुर्चीवर आनून बसव. तवर आमी उपास सोडनार न्हाई..."

उघड्या दारातून तिला शब्द न् शब्द ऐकू जात होता. सोमाजी श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात एक आमेन आलं. मोठं, फाटलेल्या आवाजातलं. ते ठकूबाईचं होतं. मग आम्ही सगळे म्हणालो.

सोमाजी पुन्हा सुरू झाला. "प्रभू, श्रेयाची..."

"सोमाजी!"

भागू उभी होती, डोळे उघडे ठेवून. आमच्या देवळात प्रार्थना कोणी मध्येच तोडण्याची ही पहिलीच वेळ.

"पोरगी आत्ता काय सांगून गेली? नाव घिऊ नका म्हनली ना? तिच्या नावानं इथून पुडं कुनी तोंड उघडलं तर म्या दाताड पाडीन. देवापुडं सांगते. माझ्या तोंडानं येकदा वाटुळं झालं तेवढं बास झालं."

ती तरातरा चालत दाराकडं निघाली. बाहेर पायरीवर श्रेया अजून पट्ट्याशी झटत होती. भागूनं तिच्यापुढं स्वतःच्या चपला सरकवल्या आणि अनवाणीच पुढं झाली. दोघी उसाच्या कडेनं, धुक्यातून गेल्या.

आत पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं, घसा साफ केला आणि अगदी हळू, मायेच्या आवाजात म्हणाले, "आता आपण सगळे मिळून भागूबाईंसाठी प्रार्थना करू या."

आम्ही डोळे मिटले. त्या दिवशी मीही दोन्ही मिटले.